चार चिंचोक्यांचं गणित

सातारा-सांगलीकडं ओट्यावर अष्टा-चंगाचा पट मांडला की कवड्या नसल्या तरी अडत नाही. चिंचोके मधोमध फोडायचे, फुटलेली बाजू दगडावर घासून पांढरी करायची, आणि अशी चार अर्धुकं हातात खुळखुळवून टाकायची. चारही पांढरी वर आली तर चार, चारही काळी आली तर आठ.

शाळेतला हिशोब सोपा आहे. प्रत्येक अर्धुकाची पांढरी बाजू वर येण्याची संभाव्यता १/२ धरली, तर एकूण १६ शक्यता. त्यांतली एक चाराची, एक आठाची. म्हणजे दोन्ही दानं सव्वासहा टक्के. ही सैद्धांतिक संभाव्यता.

पण नाणं दोन्हीकडून जवळपास सारखं असतं, चिंचोका नसतो. एक अंग सपाट, दुसरं फुगीर. तो निम्म्या वेळाच पांढरा पडेल, असं मानायला आधार काय? इथं टाकून मोजण्यावाचून इलाज नाही. समजा, पांढरी बाजू शंभरात साठ वेळा वर येते असं दिसलं. ५० च्या जागी ६०, फरक किरकोळ वाटतो. आता चौघांचा गुणाकार करा: ०.६ चा चौथा घात ०.१२९६, तर ०.४ चा ०.०२५६. चार पडण्याची शक्यता तेरा टक्क्यांवर गेली, आठाची अडीचवर आली! एका चिंचोक्यात दीडपट असलेला कल चारांच्या दानात पाचपट झाला. संयुक्त घटनांचं हे वैशिष्ट्य मला फार मोलाचं वाटतं: एकट्यात लपलेला कल गुणाकारात उघडा पडतो.

मात्र घाईनं निष्कर्ष काढू नये. चिंचोके अगदी समतोल असले, तरी शंभर दानांत सहाच्या जागी चार किंवा नऊ वेळा आठ पडले तर त्यात नवल नाही. १,६०० दानांत सरासरी १०० अपेक्षित, आणि बहुतेक वेळा आकडा ८० ते १२० मध्ये राहील. अंदाजातली चूक निम्मी करायची तर दानं चौपट टाकावी लागतात.

वेल्डन या इंग्रज शास्त्रज्ञानं १२ फासे एकदम टाकण्याचे २६,३०६ प्रयोग नोंदवले होते. पाच किंवा सहा पडण्याचं प्रमाण ०.३३३३ हवं होतं, निघालं ०.३३७७. एवढासा फरक, पण इतक्या फेकींनंतर तो योगायोग म्हणता येत नाही.

गुणाकाराची आणखी एक अट असते: घटना एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. सांगलीला हे नीट समजून घ्यायला हवं. कोयना कऱ्हाडला कृष्णेत येते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला. समजा, पावसाळ्यातल्या एखाद्या दिवशी प्रत्येक खोऱ्यात अतिवृष्टी होण्याची शक्यता १/१० आहे. म्हणून दोन्हीकडं एकाच दिवशी होण्याची १/१०० म्हणायची का? नाही. दोन्ही खोरी सह्याद्रीच्या एकाच अंगाला, पाऊस आणणारे वारेही तेच. एकीकडं कोसळतो तेव्हा दुसरीकडंही बहुधा कोसळतोच, त्यामुळं खरी शक्यता १/१०० पेक्षा बरीच जास्त असते. ती किती, हे पर्जन्यमापकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दोन्हीकडं एकदम अतिवृष्टी झालेले दिवस मोजूनच काढावं लागतं.