आधी पोहोचलेली बोट आणि जिंकलेली बोट

२०२३ च्या सिडनी–होबार्ट या ऑस्ट्रेलियातल्या शिडाच्या बोटींच्या समुद्री शर्यतीचा निकाल दोनदा बातमीत आला. आधी ‘लॉ-कनेक्ट’ या शंभर फुटी बोटीने ‘कोमांच’ला अवघ्या ५१ सेकंदांनी हरवल्याचा, आणि मग टास्मानियाची ६६ फुटी ‘अलाइव्ह’ विजेती ठरल्याचा. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या.

सांगलीकराला हे गणित चटकन पटत नाही. ऑगस्टमध्ये कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा सवाल एकच असतो, आधी कोण? होड्या साधारण सारख्या, वल्ही मारणारे गडी तोडीस तोड, पाणी सगळ्यांना तेच. सांगलीवाडीची होडी आली की कवठेपिरानची, हे घाटावरचं शेंबडं पोरही सांगतं. पंच असतो तो भांडण मिटवायला.

लांब पल्ल्याच्या शिडाच्या शर्यतीत मात्र तीस-पस्तीस फुटांपासून शंभर फुटांपर्यंतच्या बोटी एकाच दिवशी सुटतात. बोट लांब असेल तर ती मुळातच वेगाने कापत जाते. त्यात खलाशांची हुशारी किती आणि मालकाचा पैसा किती, हे नुसत्या क्रमावरून कळायचं कसं? म्हणून तिथे मान दोन ठेवलेत. जी बोट रेषा सर्वात आधी ओलांडते तिला ‘लाइन ऑनर्स’. आणि प्रत्येक बोटीच्या वेळेला तिच्या कुवतीप्रमाणे गुणून जिची वेळ सर्वात कमी निघते, ती खरी विजेती. सिडनी–होबार्टचा मुख्य चषक, टॅटरसॉल कप, या दुसरीलाच मिळतो. फोटो मात्र पहिलीचे छापून येतात.

गुणायचं कसं, ते बघू. आयआरसी नावाच्या पद्धतीत बोटीची लांबी, वजन, शिडांचं क्षेत्रफळ, पाण्याखालची खोली वगैरे मोजून एक गुणक देतात. समजा मोठ्या बोटीचा गुणक १.९०० आहे आणि ती ४४ तासांत पोहोचली. हिशेबात तिचे ८३ तास ३६ मिनिटं धरली जातील. छोटीचा गुणक १.०५०, ती ७८ तासांनी आली. तिचे ८१ तास ५४ मिनिटं. दीड दिवस मागून आलेली छोटी पावणेदोन तासांनी जिंकली! गुणक काढायचं सूत्र गुप्त ठेवतात, म्हणजे सूत्राला फसवेल अशी बोट कुणी बांधू नये. हा गुणक बोटीला मिळतो, माणसांना नाही. नवखे खलाशी घेतले म्हणून सवलत नाही, आणि जगज्जेते घेतले म्हणून दंडही नाही. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सर्वात न्याय्य गोष्ट हीच.

फरक निकालापुरता असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. तो तयारीपासूनच सुरू होतो. लाइन ऑनर्सच्या मागे लागलेल्याला हिशेब सोपा: बोट जास्तीत जास्त लांब, शीड जास्तीत जास्त मोठं, आणि ते ओढायला वीसेक तगडी माणसं. गुणकावर जिंकू पाहणारा मात्र एकेक गोष्ट तोलतो. मोठं स्पिनेकर, म्हणजे मागून वारा असताना पुढे फुगवायचं ते फुग्यासारखं शीड, घेतलं तर वेग वाढेल, पण गुणकही वाढेल. मग यंदा मागून वारा मिळण्याची शक्यता किती? हा जुगार बंदरात बसूनच खेळावा लागतो.

पाण्यावरचं जगणंही वेगळं. सिडनी–होबार्ट ६२८ सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ११६३ किलोमीटरची. २०१७ मध्ये ‘कोमांच’ने ती १ दिवस ९ तास १५ मिनिटं २४ सेकंदांत संपवली. (त्या वर्षी रेषा आधी ओलांडली होती ‘वाइल्ड ओट्स’ने, पण सुरुवातीला ‘कोमांच’ला नियमाप्रमाणे वाट न दिल्याबद्दल तासाभराचा दंड बसला. म्हणजे आधी पोहोचणंही पुरेसं नसतं!) दीड दिवस माणूस डुलक्या काढून रेटू शकतो. छोट्या बोटीला चार-चार दिवस लागतात, तिथे तसं चालत नाही. सहा-आठ जणांच्या पाळ्या लावायच्या, चार तास काम, चार तास झोप. झोपायचंही वाऱ्याकडच्या बाजूच्या बाकावर, म्हणजे निजलेल्याचं वजनही बोट सरळ ठेवायला कामी येतं. पाळीवर असून हाताला काम नसलेला माणूस कडेला पाय सोडून लाटा अंगावर घेत बसतो, तोही वजन म्हणूनच. असं ओलं अंग घेऊन तिसऱ्या रात्री जो सुकाणूवर चुकत नाही, त्याच्यावर चषक ठरतो.

नशीबही लागतं. वारा सुरुवातीला जोरात आणि मग मंद, तर मोठ्या बोटी निसटून जातात आणि छोट्या अडकतात. होबार्टच्या तोंडाशी डरवेंट नदीत रात्री वारा पडला की तासन्‌तास जागच्या जागी. वारा उशिरा आला तर उलटं. इंग्लंडहून सुटणाऱ्या फास्टनेट या अशाच लांब पल्ल्याच्या शर्यतीत २०१३ मध्ये पास्काल आणि अलेक्सी लॉइझों या बापलेकांनी ‘नाइट अँड डे’ ही ३३ फुटी बोट घेऊन एकूण विजेतेपद पटकावलं. बोटीवर माणसं दोनच.

दोन्ही मान एकाच बोटीला मिळतात, पण क्वचित. १९४५ च्या पहिल्याच सिडनी–होबार्टमध्ये कॅप्टन जॉन इलिंगवर्थ यांच्या ‘रानी’ने ते केलं, तेव्हा बोटी होत्या नऊ. ‘वाइल्ड ओट्स’ने नऊ वेळा रेषा पहिल्यांदा ओलांडून मान मिळवला, पण चषकही सोबत आला तो फक्त २००५ आणि २०१२ मध्ये.

सुरक्षेत मात्र लहान-मोठं काही नाही. १९९८ च्या वादळात सहा जण गेले, ११५ पैकी ४४ बोटीच पोहोचल्या. त्यानंतर नियम कडक झाले. बास सामुद्रधुनीत शिरण्याआधी ग्रीन केपजवळ प्रत्येक बोटीला आयोजकांना कळवावं लागतं, की बोट आणि माणसं पुढे जायला ठीक आहेत.

२६ डिसेंबरला इथे घरी बसून ही शर्यत मोबाइलवर पाहणार असाल, तर नकाशावर पुढे दिसणाऱ्या ठिपक्याला लगेच विजेता समजू नका. यादीत गुणक लावलेल्या वेळेचा वेगळा क्रम असतो, तो उघडा. वारा पडला की तो तासातासाला बदलतो. आणि आघाडीवरची बोट किनाऱ्याला लागली तरी तिला थांबावं लागतं. समुद्रात अजून असलेल्या एखाद्या छोट्या बोटीचा हिशेब तिच्यापेक्षा कमी निघू शकतो, तोवर चषक कुणाचाच नसतो.