आदिवासी युवक वनसंवर्धन उपक्रम : समन्वय

आदिवासी गावांतील युवक-युवतींनी आपल्या परंपरागत जंगलाची राखण करावी, त्याची मोजदाद ठेवावी आणि उजाड भाग पुन्हा उभा करावा, यासाठी गावपातळीवर चालणाऱ्या कामाची आखणी व जुळवणी. महाराष्ट्रात अशा कामाला कायद्याचा भक्कम आधार मिळाला तो अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ मुळे. त्यातील कलम ३ नुसार सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन हा गावाचा हक्क ठरला; कलम ५ ने वने, वन्यजीव आणि जैवविविधता जपण्याचे अधिकार ग्रामसभेला दिले. त्यामुळे समन्वयक एखाद्या संस्थेने नेमलेला असो वा शासनाने, काम ग्रामसभेच्या ठरावानेच चालावे लागते. ग्रामसभेला बाजूला ठेवून उभे केलेले युवक मंडळ पहिल्या वर्षी उत्साहाने झाडे लावते. पुढे त्या रोपांची गुरांपासून राखण कोणी करायची हे ठरवणारे मात्र कोणी उरत नाही.

या कामाचा सर्वांत समृद्ध अनुभव गडचिरोली जिल्ह्यात आहे. तेथे एक हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. गोंड-माडिया गावांत तरुणांना गावाची रीत, गाणी, नाच आणि जबाबदारी शिकवणारी गोटूल ही संस्था पूर्वापार होती. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने १९८० च्या दशकात आपले गोटूल पुन्हा बांधायला घेतले, तेव्हा त्यासाठी वापरलेल्या लाकडावरून गावाचा वनविभागाशी संघर्ष झाला. त्याच काळात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम येथील प्रस्तावित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले होते. देवाजी तोफा हे मेंढ्याचे कार्यकर्ते आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची जडणघडण याच वातावरणातली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा मेंढ्याची. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मेंढा आणि शेजारचे मर्दा ही देशात असा हक्क मिळवणारी पहिली गावे मानली जातात. स्वतःच्या बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी मात्र मेंढ्याला एप्रिल २०११ पर्यंत झगडावे लागले.

समन्वयकाने मेंढ्याकडून उचलावी अशी पद्धत म्हणजे तेथील अभ्यासगट. एखादा प्रश्न ग्रामसभेत निर्णयासाठी येण्याआधी त्यात रस असणारे लोक एकत्र बसतात, माहिती गोळा करतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावून चर्चा करतात. निर्णय घेण्याचा अधिकार अभ्यासगटाला नसतो. तो ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. तरुणांसाठी ही व्यवस्था फार मोलाची आहे. वनहक्क कायद्यात ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व प्रौढ स्त्री-पुरुष, म्हणून सतरा वर्षांच्या मुलीला तेथे मत नाही. पण अभ्यासगटात तिने मोजून आणलेला आकडा सगळ्या गावापुढे ठेवता येतो. ज्येष्ठांसमोर बोलायला कचरणारी मुले हातात नोंदवही असली की बोलतात.

वर्षाचे वेळापत्रक जंगलच ठरवते. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. त्याआधी जाळरेषा साफ कराव्या लागतात, म्हणजे ठराविक रुंदीच्या पट्ट्यातला पालापाचोळा आणि गवत काढून आग पुढे सरकायला वाव ठेवायचा नाही. पुढे मार्च-एप्रिलमध्ये मोह पडू लागतो. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची सवय अनेक भागांत आहे आणि तीच आग पुढे जंगलात शिरते. येथे केवळ बंदी घालून भागत नाही, कारण मोहफुले हे घरातले रोख उत्पन्न. तरुणांच्या गटाने झाडाखालची जागा झाडून देणे किंवा जाळी अंथरणे हा चालणारा उपाय आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून टिपलेल्या आगींच्या सूचना नोंदणी केलेल्या मोबाइलवर पाठवते. गावातील चार-पाच जणांनी ही नोंदणी केली, तर वाऱ्याच्या दिशेने धूर दिसण्याआधी ठिकाण कळू शकते. अर्थात जिथे मोबाइलला रेंज आहे तिथेच.

तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम ही तरुणांची खरी शाळा. चांगली पाने फुटावीत म्हणून आधी खुटकटाई, म्हणजे झुडपांची छाटणी, होते, मग मे महिन्यात तोडणी. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि अशा १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. पूर्वी फळीवरचा, म्हणजे पाने जमा करण्याच्या ठिकाणचा, हिशेब कंत्राटदाराचा मुन्शी ठेवत असे. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या क्षेत्रातील ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्यापासून गावातली शिकलेली पोरे हे हिशेब ठेवतात, आणि जंगल व पैसा यांचा संबंध त्यांना कोणी वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यावर तेंदू तोडणेच थांबवले; फांद्यांची छाटणी आणि आगी यांनी जंगलाचे नुकसान होते असा त्यांचा निष्कर्ष होता. उत्पन्नासाठी गावाने बांबूवर भर दिला. सगळ्या गावांना हे परवडणार नाही, पण कोणती वस्तू किती काढायची हे गाव स्वतः ठरवू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

बांबूच्या कामात शिस्त अधिक लागते. कोवळे कोंब आणि वर्षा-दोन वर्षांचे बांबू राखायचे, पावसाळ्यात तोड करायची नाही, बेटाचा मधला भाग उघडा पाडायचा नाही, हे नियम जुने जाणते तोडकरी डोळ्यांनी पाळतात. तरुणांनी नमुना क्षेत्र आखून बेटे मोजली आणि कोणत्या वर्षी कुठली तोड हे कागदावर आणले, की त्यातून व्यवस्थापन आराखडा तयार होतो. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनी हा आराखडा करण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे दिले आहे. जंगलाची हद्द ठरवतानाही दोन्ही पिढ्या लागतात. ओढा, टेकडी, देवाचे ठिकाण ही खूण ज्येष्ठांना माहीत. जीपीएसवर ती टिपून वनविभागाने जंगलाच्या भागांना दिलेल्या कक्ष क्रमांकाशी आणि अंदाजाने काढलेल्या नजरी नकाशाशी जुळवायची ती तरुणांनी. जैवविविधता कायदा, २००२ खालील लोक जैवविविधता नोंदवहीचेही, म्हणजे गावातील जीवजाती व त्यांविषयीचे ज्ञान नोंदवण्याच्या वहीचेही, तसेच आहे. वनस्पतीचे नाव गोंडीत, माडियात किंवा कोरकूत मिळते, म्हणून ते आधी त्याच नावाने लिहावे आणि मराठी व शास्त्रीय नाव नंतर जोडावे.

गस्तीच्या पाळ्या लावण्याची सुंदर रीत ओडिशात आहे. तेथील ठेंगापाली पद्धतीत राखणीची पाळी संपली की काठी शेजारच्या दारात ठेवतात. ज्याच्या दारी काठी, त्याची पुढची पाळी. चंद्रपूर-गडचिरोलीत वाघाचा वावर वाढल्याने एकट्यादुकट्याची किंवा पहाटेची गस्त टाळावी लागते, आणि अल्पवयीन मुलांना गस्तीला किंवा आग विझवायला पाठवूच नये. नोंदी, रोपवाटिका, बीजसंकलन ही कामे त्यांची.

मुलींचा सहभाग हा प्रतिनिधित्वापुरता विषय नाही. डिंक, मोह, चारोळी, रानभाज्या, कंद गोळा करण्याचे बरेचसे काम बायकाच करतात. कुठल्या ओढ्याकाठी कोणते झाड विरळ झाले हे त्यांना आधी कळते. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश स्त्रिया हव्यात, अशी तरतूद २०१२ च्या नियमांत आहे. बैठक संध्याकाळी चुलीच्या वेळी ठेवली की ही अट कागदावरच राहते.

सर्वांत कठीण प्रश्न स्थलांतराचा. गडचिरोलीतून दर हंगामात तरुण तेलंगणात मिरची तोडायला जातात, मेळघाटातून बांधकामावर जातात. मजुरीच्या हंगामात बिनमोलाचे श्रमदान मागणे अन्यायाचे आहे. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या कोरकू गावाने वनहक्क मिळाल्यावर रोजगार हमीतून मृद्संधारण आणि वृक्षलागवड केली, जंगलातली सीताफळे ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने शहरात विकली आणि गावातच काम निर्माण केले. जिथे अशी कमाई उभी राहते तिथे तरुण टिकतात.

पैशाच्या बाबतीत समन्वयकाला एक पेच दरवर्षी सोडवावा लागतो. शासकीय वा प्रकल्पाचा निधी ३१ मार्चला संपतो आणि वणव्याचा जोर तर एप्रिल-मेमध्ये असतो. महाराष्ट्रात पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी, म्हणजे एखाद्या ठराविक योजनेला न बांधलेला पैसा, थेट मिळतो आणि वनसंवर्धन, जलसंधारण, वनउपजीविका हे त्यातील मान्य विषय आहेत. जाळरेषा आणि राखणदारीची तरतूद त्यात सुरुवातीलाच करून घेता येते. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे बांबू किंवा तेंदूच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा ग्रामसभेच्या स्वतःच्या खात्यात बाजूला काढणे. त्यासाठी पासबुक, ठरावांची वही आणि मोजणीच्या नोंदी समन्वयकाच्या पिशवीत न राहता गावात, दोन-तीन तरुणांच्या हाती असाव्या लागतात. समन्वयकाची मुदत संपली तरी पुढच्या हंगामाची जाळरेषा ठरल्या दिवशी सुरू व्हायला हवी.