सात सत्ते एकोणपन्नास आणि एक काळी वडी

थंडी सुरू झाली की चीनमध्ये अनेक घरांत एक काळसर वडी होते. नाव ‘अज्याओ गाओ’. अज्याओ म्हणजे गाढवाच्या कातडीचा सरस. त्याचे खडे तांदळाच्या पिवळ्या दारूत भिजत घालायचे, मग खडीसाखर घालून मंद आचेवर वितळवायचे. त्यात भाजलेले काळे तीळ, अक्रोड आणि बिया काढलेली सुकी लाल बोरं पडतात. मिश्रण कालथ्यावरून सलग पट्टीसारखं ओघळू लागलं की ताटात थापायचं आणि गार झालं की पातळ काप करायचे. आपल्या डिंकाच्या लाडवाची लांबची बहीणच म्हणा. ही वडी खातात मुख्यतः चाळिशी-पन्नाशीच्या बायका, ‘रक्त भरून यावं’ म्हणून.

याच वयात का, याचं उत्तर ‘ह्वांगती नेइचिंग’ या दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकग्रंथात आहे. त्यात बाईचं आयुष्य साताच्या पाढ्यावर मांडलंय. सातव्या वर्षी दुधाचे दात पडतात, चौदाव्या वर्षी पाळी येते. सात पाचा पस्तीसला चेहरा कोमेजू लागतो, केस गळतात. बेचाळीसला ते पांढरे होतात आणि सात सत्ते एकोणपन्नासला पाळी थांबते. हिशेब थक्क करणारा आहे. चीनमध्ये आजही रजोनिवृत्तीचं सरासरी वय पन्नाशीच्या आसपासच आहे. (भारतात ती तीनेक वर्षं आधीच येते.)

असं का होतं? मूत्रपिंडात जन्मतः साठवलेलं सत्त्व झिजत जातं, असं ग्रंथ सांगतो. साठा संपतो हे अगदी बरोबर. कोठार तेवढं चुकलं. तो साठा अंडाशयात असतो. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे दहा-वीस लाख बीजपुटिका, म्हणजे अंड्यांच्या सूक्ष्म पिशव्या, असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पाळी जाताना हजारभर. कुठल्याही वडीने हे कोठार पुन्हा भरत नाही.

पाळी जाण्याच्या सुमारास अंगातून वाफा निघतात, त्याचाही खुलासा चिनी वैद्यकात आहे: ‘यिन’ म्हणजे शरीरातलं पाणी आटलं की आग मोकाट सुटते. आजचं शरीरशास्त्र म्हणतं, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटलं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी जास्तच उत्तेजित होतात आणि तापमानाची सहनसीमा अरुंद होते. एरवी जाणवलीही नसती इतक्या उष्णतेवर शरीर घाबरून रक्तवाहिन्या फुलवतं, घाम सोडतं. यावर थोडाफार उतार पडतो तो सोयाबीनमधल्या आयसोफ्लेव्होन्स या इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यांमुळे, असं चाचण्यांत दिसलंय. गंमत म्हणजे सोयाबीन या महागड्या वडीत नसतंच. ते रोजच्या स्वस्त टोफूत असतं.

वडीतल्या काही जिनसा रंगावरून निवडल्यात. लाल ते रक्ताला, काळं ते मूत्रपिंडाला. लाल बोरांच्या बाबतीत हा तर्क फसतो. शंभर ग्रॅम सुक्या बोरांत लोह जेमतेम दोन मिलिग्रॅम, आणि पाळी सुरू असलेल्या भारतीय बाईची रोजची शिफारस आहे २९ मिलिग्रॅमची. रजोनिवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत पाळी अनियमित होते, कधी अंगावरून खूप जातं आणि रक्त खरोखर कमी होतं. तेव्हा बोरं चघळत बसण्यापेक्षा हिमोग्लोबिन तपासलेलं बरं.

चिनी परंपरेतच याहून चांगला उपाय आहे. इसवी सन २०० च्या सुमाराचे वैद्य चांग चोंगचिंग यांनी मटण, आलं आणि डांग-ग्वेई नावाच्या मुळीचा रस्सा सांगितला, तो बाळंतिणीच्या पोटदुखीसाठी. मटणातलं लोह शरीरात सहज शोषलं जातं. जगाने मात्र मटण बाजूला ठेवलं आणि मुळीच्या कॅप्सूल विकल्या. १९९७ साली अमेरिकेत ७१ बायकांवर त्या नुसत्या मुळीची २४ आठवडे चाचणी झाली, तेव्हा वाफा थांबवण्यात ती औषध नसलेल्या साध्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. ‘आम्ही ती एकटी देतच नाही’ हा चिनी वैद्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. पण रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी ती कुठल्याच रूपात परस्पर घेऊ नये. रक्तस्राव वाढू शकतो.

आता सरस. अज्याओ मुख्यतः कोलॅजन, म्हणजे प्रथिनच. पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल जवळजवळ नसतं, त्यामुळे प्रथिन म्हणून ते डाळ-भाताच्याही मागे. एके काळी तो बैलाच्या कातडीपासून करत, गाढव नंतर आलं. गाढवीण वर्षभर गाभण राहते आणि बहुधा एकच पिल्लू देते. चीनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १.१ कोटी गाढवं होती, आज त्यांतली चतुर्थांशही नाहीत. मग कातडी आफ्रिकेतून येऊ लागली. पाणी वाहणाऱ्या बायकांच्या दारातून गाढवं चोरीला गेली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आफ्रिकी संघाने कातडीसाठी गाढवं मारण्यावर १५ वर्षांची बंदी घातली. एका बाईची ताकद वाढावी म्हणून दुसरीच्या डोक्यावर हंडा.

राहिले काळे तीळ. मूत्रपिंडाशी त्यांचं नातं काही सिद्ध झालेलं नाही, पण इस्ट्रोजेन गेल्यावर हाडं झिजतात आणि तिळात कॅल्शियम भरपूर: शंभर ग्रॅमला नऊशे मिलिग्रॅमहून जास्त. त्यातलं बरंचसं सालीतल्या ऑक्झलेटला चिकटलेलं असल्याने सगळं अंगी लागत नाही, तरी या वडीत पैसे वसूल करणारा जिन्नस हाच. फक्त ते कुटायला हवेत. चिनी घरांत काळे तीळ भाजून तांदळाबरोबर वाटतात आणि त्याची दाट, काळीकुट्ट खीर करतात. खाल्ल्यावर दात काळे दिसतात. अख्खे गिळलेले तीळ दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे बाहेर पडतात.