पेटी जुनी, खेळ नवा : गेम मशीनच्या रूपांतराची पार्श्वभूमी

व्हिडिओ गेम पार्लरमधील उभी पेटी भंगारातून आणायची, तिच्यात छोटा संगणक बसवायचा आणि शेकडो खेळ खेळता येतील असे यंत्र घरच्या घरी तयार करायचे, हा छंद इंटरनेटच्या काळातला वाटतो. वास्तविक पेटी कायम ठेवून आतला खेळ बदलण्याची पद्धत या धंद्याइतकीच जुनी आहे. निन्टेन्डो कंपनीच्या ‘रडार स्कोप’ या १९८० सालच्या खेळाची सुमारे तीन हजार मशीन्स अमेरिकेत पाठवली गेली आणि त्यांपैकी दोन हजारांच्या आसपास पडून राहिली. तेव्हा शिगेरू मियामोतो या तरुण कर्मचाऱ्याकडून नवा खेळ तयार करवून घेऊन तो त्याच पेट्यांत बसवण्यात आला. तो खेळ म्हणजे १९८१ सालचा ‘डाँकी काँग’. यामागचे गणित सरळ होते. लाकूडकाम, पडदा आणि नाणे घेणारी यंत्रणा यांवर खर्च मोठा होई, खेळाचे नावीन्य मात्र काही महिन्यांत ओसरे.

तरीही प्रत्येक कंपनीची तारांची मांडणी निराळी असल्यामुळे खेळ बदलायचा म्हणजे अर्धी पेटी उसवावी लागे. ही अडचण जपानमधील उत्पादकांच्या ‘जामा’ या संघटनेने १९८५ मध्ये ठरवलेल्या प्रमाण जोडणीमुळे दूर झाली. या जोडणीत बोर्डाच्या, म्हणजे खेळाच्या चिप्स बसवलेल्या सर्किट-पाटीच्या, कडेला दोन्ही बाजूंना २८ याप्रमाणे ५६ संपर्कबिंदू असतात. वीजपुरवठा, लाल-हिरवा-निळा हे तीन रंगसंकेत, स्पीकर, नाण्याचा स्विच आणि दोन खेळाडूंच्या दांड्या व बटणे हे सारे त्या एकाच पट्टीतून जाते. पट्टी उलटी बसून बोर्ड जळू नये म्हणून सातव्या जागी खाच ठेवलेली असते. आज घरी मशीन बनवणारा माणूस पेटीच्या मागचे दार उघडतो तेव्हा त्याच्या हाती प्रथम लागतो तो या पट्टीकडे जाणारा रंगीबेरंगी तारांचा जुडगा, आणि तो शाबूत असेल तर निम्मे काम झाल्यात जमा असते.

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नांदेड, लातूर, परभणी यांसारख्या शहरांतील पार्लरमधल्या पेट्या परदेशी नमुन्याबरहुकूम असतच असे नाही. प्लायवूड आणि सनमायका वापरून स्थानिक सुताराने उभी केलेली पेटी, आत कुठून तरी मिळवलेला बोर्ड आणि पडद्याच्या जागी घरगुती रंगीत टीव्हीची पिक्चर ट्यूब, असा तो मेळ असे. हा मेळ जमण्यामागे एक तांत्रिक योगायोग होता. त्या काळातील बहुतेक बोर्ड पडद्यावर सेकंदाला साधारण पंधरा-सोळा हजार आडव्या रेषा काढत, आणि आपल्याकडील टीव्हीचा वेगही १५,६२५ रेषांचा होता. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रसारण सुरू झाल्यानंतर टीव्ही दुरुस्त करणारे मेकॅनिक तालुक्याच्या गावीही मिळू लागले होते. बोर्डाचे तीन रंग ट्यूबपर्यंत पोचवणे आणि धावणारे चित्र स्थिर करणे त्यांच्या आवाक्यातले होते. माझ्या मते आजच्या छंदाचे खरे पूर्वज हे मेकॅनिकच आहेत, जरी त्यांच्या कामाची नोंद कोणी ठेवली नाही.

पार्लरमध्ये ज्याला सगळे ‘मुस्तफा’ म्हणत तो कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ हा १९९३ सालचा खेळ. त्यात तीन खेळाडू एकत्र खेळू शकत आणि जामाच्या पट्टीत दोघांचीच सोय असल्यामुळे तिसऱ्याच्या तारा स्वतंत्रपणे जोडाव्या लागत. त्याच्या मूळ बोर्डात आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरची सांकेतिक किल्ली, म्हणजे गुप्त स्वरूपात लिहिलेला प्रोग्राम उलगडणारा संकेत, एका बॅटरीच्या आधाराने टिकवलेली होती. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि एरवी धडधाकट बोर्ड बंद पडे. नक्कल रोखण्यासाठी केलेली ही तजवीज कालांतराने खेळाच्याच मुळावर आली.

बोर्ड असे नाहीसे होत असताना, निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मेम’ हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. ते मूळ बोर्डातील प्रोसेसर व चिप्स यांचे वर्तन संगणकात हुबेहूब उभे करते. २०१६ पासून ते मुक्त परवान्याखाली आहे. त्यात चालवायच्या, मूळ चिप्समधून उतरवलेल्या खेळांच्या फाइल्सचे हक्क मात्र त्या त्या कंपन्यांकडेच राहतात, ही बाब छंदिष्ट मंडळी सोयीस्करपणे विसरतात. पुढे फेब्रुवारी २०१२ मध्ये ३५ डॉलरचा ‘रास्पबेरी पाय’ विक्रीस आला आणि तळहाताएवढा संगणक पेटीत बसवणे परवडू लागले. त्याच्या पिनांना बटणांचे मायक्रोस्विच थेट जोडता येतात. जामाचा जुडगा तसाच वापरायचा असेल, तर मधला जोडफलकही मिळतो.

जुनी ट्यूब ठेवायची की एलसीडी बसवायचा, यावर या वर्तुळात मतभेद आहेत. त्या खेळांची चित्रे ट्यूबवरच खुलतात, हे मान्य करावेच लागते. परंतु ट्यूबच्या काचेवरील रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या वरचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. त्यामुळे जाणत्या मेकॅनिकशिवाय तिथे हात घालू नये. नाणी टाकण्याच्या लोखंडी दाराला अर्थिंग जोडलेले नसेल तर हाताला झिणझिण्या येतात, आणि जुन्या घरांत अर्थिंग कागदावरच असते.

मराठवाड्यात खरी अडचण होते ती विजेच्या लपंडावाची. मूळ बोर्डातील खेळ कायमस्वरूपी चिप्समध्ये कोरलेला असल्यामुळे ऐन खेळात लोडशेडिंग झाले तरी नुकसान व्हायचे ते फक्त रुपयाच्या नाण्याचे. रास्पबेरी पाय मेमरी कार्डवरून चालतो, आणि त्यावर काही लिहिले जात असताना वीज गेली तर कार्डातील मजकूर बिघडून मशीन सुरूच होत नाही. म्हणून जुळणी संपल्यावर कार्ड फक्त वाचता येईल अशा अवस्थेत ठेवावे, त्याची एक प्रत वेगळी काढून ठेवावी आणि शक्य असल्यास पेटी इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावी.