परदेशातला कोचिंग कोर्स: वहीपासून कार्डापर्यंत

मे महिन्याची सुट्टी लागली की पुण्यामुंबईत फुटबॉल शिबिरांचे फलक लागतात. त्यांत एक ओळ हमखास दिसते: 'फिफा लायसन्स्ड कोचकडून प्रशिक्षण'. असं लायसन्स अस्तित्वातच नाही. फिफा ही जागतिक संघटना कोर्स भरवते, हजेरीचं प्रमाणपत्र देते, रेफरींना बॅज देते. कोचला लायसन्स मिळतं ते खंडीय महासंघाचं, आणि ते द्यायचं काम बहुतेक वेळा त्याच्या परवानगीनं राष्ट्रीय महासंघ करतो. फलक लावणारा दरवेळी खोटं बोलत असतो असंही नाही. तो खरोखरच बाहेर जाऊन काहीतरी शिकून आलेला असतो. काय शिकला आणि त्या कागदाला इथे वजन किती, हे पालकांना कळत नाही. पुष्कळदा त्या कोचलाही नीट कळलेलं नसतं. हा गुंता एका दिवसात झालेला नाही.

अगदी सुरुवातीचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये 1946 साली पहिला राष्ट्रीय प्रशिक्षण संचालक नेमला गेला आणि त्याच्या उन्हाळी वर्गांतून 'फुल बॅज' मिळवलेले कोच बाहेर पडू लागले. जर्मनांनी कोलोनच्या क्रीडा महाविद्यालयात कोचचा अभ्यासक्रम बसवला. इटलीनं 1958 मध्ये फ्लॉरेन्सजवळ कोव्हर्चानोला आपलं केंद्र उघडलं. आपल्याकडून तेव्हा या वाटेनं गेलेले अगदी मोजके. कोलकात्याचा एक माजी खेळाडू इंग्लंडला जाऊन शिकून आला आणि पूर्णवेळ कोच झाला, त्याचं नाव अजून आदरानं घेतलं जातं. आपला सुवर्णकाळ घडवणारा कोच मात्र हैदराबादचा शिक्षक होता. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमधलं चौथं स्थान आणि 1962 च्या जकार्ता आशियाई खेळांतलं सुवर्ण त्याच्याच काळातलं. तो 1963 मध्ये वारला. मधल्या काळात, 1961 साली, पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली आणि तिचा डिप्लोमा हाच पुढची कितीतरी वर्षं सरकारी नोकरीतल्या कोचचा दाखला ठरला.

बाहेरच्या कोर्सचा खरा प्रभाव दिसला तो 1969 मध्ये. जागतिक संघटनेनं आशियातल्या कोचसाठी जपानमध्ये चिबा इथे तीन महिन्यांचा वर्ग भरवला. शिकवणारा जर्मन. यानंच जपानला 1964 च्या टोकियो ऑलिंपिकसाठी तयार केलं होतं, त्या घडणीवर जपाननं 1968 मध्ये मेक्सिकोत कांस्य मिळवलं आणि पुढे 1975 व 1976 साली म्युनिकच्या क्लबनं युरोपीय चषक जिंकला तेव्हा कोच हाच होता. चिबाच्या त्या वर्गात 1960 च्या रोम ऑलिंपिकमधला आपला कर्णधार बसला होता. पुढच्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई खेळांत भारतानं कांस्यपदक घेतलं, तेव्हा संघाच्या दोन प्रशिक्षकांपैकी तो एक होता. पुरुषांच्या फुटबॉलमधलं आशियाई खेळांतलं ते आपलं शेवटचं पदक. तीन महिन्यांच्या कोर्सनं पदक मिळालं असं मी म्हणणार नाही, पण मोठं नाव कमावलेला खेळाडू वर्गात बसून नव्यानं मुळाक्षरं गिरवायला तयार झाला याचं मला फार मोल वाटतं. बँकॉकच्या त्या संघात बंगालचा एक तरुण फॉरवर्डही होता. त्याच्याकडे पुढे परत यायचं आहे.

चिबाच्याही आधीपासून एक दुसरी वाट चालू होती, लाइपझिगची. पूर्व जर्मनीच्या तिथल्या क्रीडा महाविद्यालयात 1964 पासून परदेशी कोचसाठी वर्ग भरू लागले. आशिया-आफ्रिकेतल्या मित्रदेशांना शिष्यवृत्तीवर बोलवायचं, यात राजकारण होतंच. शिकवणं मात्र कसून व्हायचं. ते महाविद्यालय जर्मनी एक झाल्यावर बंद पडलं, पण कोर्स वाचला. लाइपझिगच्या विद्यापीठानं तो पुढे जर्मन परराष्ट्र खात्याच्या पैशावर चालवला आणि अर्ज जर्मन वकिलातीमार्फत जायचे.

या कोर्सची एक वही मी पाहिली आहे. मुंबईतल्या एका ज्येष्ठ कोचनं ती मला चार दिवसांसाठी दिली होती, पुठ्ठ्याला कापडी पट्टी चिकटवलेली. पहिल्या पानावर खुणांची यादी: नागमोडी रेघ म्हणजे चेंडूसकट धाव, तुटक रेघ म्हणजे पास, सरळ रेघ म्हणजे बिनचेंडूची धाव. पुढे पानंच्या पानं आठवड्याचे तक्ते. मंगळवारी ताण जास्त, शुक्रवारी कमी, आणि प्रत्येक सरावासमोर नाडीच्या ठोक्यांचे दोन रकाने, थांबल्याबरोबर आणि दोन मिनिटांनी. आम्ही तोवर मैदानाला दहा चकरा मारायला लावत होतो, सगळ्यांना सारख्याच. कोण किती दमला हे मोजायचं असतं हे मला त्या वहीनं शिकवलं. कितीतरी पोरं तिच्यावर घडली. त्या वहीच्या जोरावर तिच्या मालकाला आज कुठल्याही वरिष्ठ संघाच्या बाकावर बसता येणार नाही.

दरम्यान उलटा प्रवाहही सुरू झाला होता. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात एका शीतपेय कंपनीच्या पैशावर जागतिक संघटनेनं विकसनशील देशांत फिरते वर्ग नेले, 1990 च्या दशकात 'फ्युचुरो' नावाचे कोर्स आले. आता कोचनं परदेशी जायची गरज उरली नाही, परदेशी इन्स्ट्रक्टरच आठवडाभर इथे येऊ लागला. 'इंटरनॅशनल कोर्स केला' या वाक्याचा अर्थ तिथे पहिल्यांदा सैल झाला. लाइपझिगला महिनोन्‌महिने राहिलेलाही इंटरनॅशनल, आणि गावातल्या हॉटेलात सहा दिवस बसलेलाही इंटरनॅशनल.

आता मूळ गुंत्याकडे. आपण मराठीत सर्रास 'सर्टिफिकेट' म्हणतो, त्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. हजेरीचं प्रमाणपत्र म्हणजे तुम्ही तिथे होतात, एवढंच. डिप्लोमा म्हणजे तुम्ही परीक्षा पास झालात, आणि तो जन्मभर तुमचा. लायसन्स म्हणजे कोच म्हणून काम करायची मुदतीची परवानगी. युरोपात ती तीन वर्षांची असते. त्या काळात ठरावीक तासांचं पुढचं प्रशिक्षण केलं नाही तर ती संपते, डिप्लोमा मात्र भिंतीवर राहतो. ड्रायव्हिंग शिकणं वेगळं आणि लायसन्सचं नूतनीकरण वेगळं, हे आपल्याला आरटीओत बरोबर कळतं, फुटबॉलमध्ये कळत नाही. आशियातही लायसन्स मुदतीचंच, आणि त्याच्या पायऱ्या खालून वर सी, बी, ए आणि सगळ्यांत वर 'प्रो'. त्यात भर म्हणजे आशियाई महासंघ आधी ज्याला 'सी सर्टिफिकेट' म्हणायचा त्यालाच पुढे 'सी लायसन्स' म्हणू लागला. त्यामुळे एकाच पातळीचे दोन कोच दोन नावांचे कागद दाखवतात आणि शाळेचा मुख्याध्यापक गोंधळतो.

युरोपीय देशांनी 1998 मध्ये आपापसांत करार केला, सुरुवातीला फक्त सहा देशांनी: एकाचं लायसन्स दुसऱ्यानं मान्य करायचं. हळूहळू सगळा खंड त्यात आला. आशियानं त्याच धर्तीवर आपली चौकट उभारली आणि क्लबांना परवाना देताना मुख्य कोचच्या लायसन्सची अट घातली. हा नियम आपल्याकडे वरच्या लीगमध्ये आला आणि इथून वाद पेटला.

आता तो बंगालचा फॉरवर्ड. 1970 च्या पदकसंघातला हा खेळाडू पुढे कोच झाला. त्यानं कोलकात्याच्या क्लबला लागोपाठ दोन राष्ट्रीय लीग जिंकून दिल्या आणि 2003 मध्ये जकार्तात आसियान क्लब स्पर्धाही. भारतीय क्लबनं परदेशात मिळवलेल्या यशांत ते अजूनही वरच्या रांगेत आहे. चिबाला शिकून आलेल्याच्या हाताखाली हा घडला होता. पण त्याच्याकडे 'ए' लायसन्स नव्हतं. गोव्याच्या क्लबनं 2012-13 ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकली तेव्हा संघाची सूत्रं याच्याकडे होती, कागदावर मात्र मुख्य कोच दुसरा होता आणि याचं पद होतं 'तांत्रिक संचालक'. पुढे कोलकात्यातही हाच प्रयोग झाला. बाकावर बसायचं की नाही, सूचना कुणी द्यायच्या, पत्रकार परिषदेला कुणी यायचं, यावर महिनोन्‌महिने खल चालला.

नियमाच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मी मोकळ्या मनानं मान्य करतो. भर दुपारी पंधरा वर्षांच्या पोरांना पाण्याचा घोट न देता पळवणारे कोच मी पाहिलेत. गुडघ्याला सूज असताना 'चल, काही होत नाही' म्हणून उतरवलेले खेळाडू कायमचे घरी बसलेलेही पाहिलेत. अट आली नसती तर कोर्स घेणाऱ्यांना गिऱ्हाईकच मिळालं नसतं. पण अट आली त्या दिवशी जे तीसतीस वर्षं मैदानावर होते त्यांच्यासाठी वेगळी वाट हवी होती. अनुभव आणि प्रत्यक्ष काम तपासून पात्रता ठरवायची पद्धत फुटबॉलच्या जगात आहे. आशियाई महासंघाकडेही आहे. आपल्या जुन्या मंडळींना ती कुणी हातात धरून दाखवली नाही. त्यांना सांगितलं गेलं, रांगेत उभे राहा, खालच्या कोर्सपासून या. लेखी काम मुख्यतः इंग्रजीतून. साठीकडे झुकलेला माणूस, ज्यानं शेकडो पोरं मराठीतून, बंगालीतून, कोंकणीतून घडवली, तो वीस वर्षांच्या पोरांशेजारी बसून 'सेशन प्लॅन' इंग्रजीत लिहील, ही अपेक्षा मला तेव्हाही अन्यायाची वाटली आणि आजही वाटते.

माझा 'बी'चा प्रॅक्टिकल अजून डोळ्यांसमोर आहे. आदल्या रात्री चिठ्ठी काढायची, तिच्यावर आलेला विषय सकाळी वीस मिनिटांत शिकवून दाखवायचा. माझ्या चिठ्ठीत आलं: बाजूनं आलेल्या क्रॉसचं संरक्षण. मी खेळ थांबवला, डावा बॅक जिथे होता तिथेच उभा ठेवला, त्याच्या खांद्याला धरून वळवलं आणि विचारलं, आता तुला चेंडू आणि माणूस दोन्ही दिसतात का. असेसरनं, म्हणजे परीक्षकानं, पाटीवर काहीतरी टिपलं. 'थांब, हलू नकोस' म्हणून चित्र गोठवायचं, बदलायचं, पुन्हा खेळ सुरू करायचा, ही पद्धत मूळची इंग्रजी उन्हाळी वर्गांतली. माझ्यानंतरच्या उमेदवाराला विषय पाठ होता, पण त्यानं सहा वेळा खेळ थांबवला आणि पोरं गार पडली. केव्हा थांबवायचं नाही हे पुस्तकात नसतं, ते मैदानावर उभं राहूनच येतं. जुन्या मंडळींपाशी नेमकं तेच होतं.

2014 ला इंडियन सुपर लीग ही नवी लीग आली आणि मुख्य कोचच्या खुर्च्यांवर परदेशी माणसं बसली. आपले 'प्रो' लायसन्सवाले सहायक म्हणून सरावाचे प्लॅस्टिकचे कोन मांडत राहिले. 2021 मध्ये पहिल्यांदा एका भारतीयाला त्या लीगमध्ये कायम स्वरूपी मुख्य कोच नेमलं गेलं. तो मुंबईच्या मैदानांवरचा, इथल्याच क्लबांकडून खेळलेला, 2016-17 मध्ये मिझोरामच्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून देणारा. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय संघ त्याच्याकडे आला. त्याचं लायसन्स आशियाई आहे आणि तो त्याच पायऱ्या चढून वर आला.

मग परदेशी कोर्सचं काय? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. युरोपातल्या बी लायसन्सचा कोर्स पंधरा दिवसांची सहल काढून होत नाही. तुमच्याकडे शिकवायला स्वतःचा संघ लागतो, लॉगबुक भरावं लागतं, तुमचं सेशन बघायला असेसर मैदानावर येतो. म्हणून प्रवेश आधी तिथे राहून काम करणाऱ्यांना. व्हिसा काढून दोन आठवडे गेलेल्याच्या हाती बहुधा एखाद्या मोठ्या क्लबच्या नावाचा छोटा कोर्स लागतो. शिकण्यासारखं त्यातही असतं, पण ते लायसन्स नव्हे. जायच्या आधी एकच प्रश्न विचारावा: हा कागद कोणत्या महासंघाच्या नोंदवहीत चढतो?

उलट दिशेनंही अडतं. 2021 च्या उन्हाळ्यात ग्लासगोच्या क्लबनं ऑस्ट्रेलियन कोच नेमला. आशियाई विजेतेपद जिंकलेला, जपानची लीग जिंकलेला माणूस, हाती आशियाई 'प्रो'. तरी ते युरोपात चालेल का, यावर चर्चा झाली आणि वेगळी मान्यता घ्यावी लागली. त्याचं मिटलं, कारण मागे मोठा क्लब होता. कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या संघाला शिकवणारा पोरगा उद्या नोकरीसाठी लंडनला गेला तर त्याच्या आशियाई 'सी'साठी कोण पत्र लिहिणार?

असे पोरगे आता बरेच आहेत. शिकायला किंवा आयटीच्या नोकरीनिमित्त इंग्लंडात गेलेले मराठी तरुण शनिवारी सकाळी दहा वर्षांखालच्या पोरांना शिकवतात आणि तिथलाच प्राथमिक कोर्स करतात. परदेशी कोर्सची आजची खरी वाट हीच आहे, आणि ती वकिलातीतून किंवा महासंघाच्या शिफारशीतून जात नाही. त्यांतला एक मला व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या लॉगबुकाची पानं पाठवतो. परवाच्या पानावर पावसानं ओघळलेली शाई होती, खेळाडूंची नावं, आणि समासात त्यानं मराठीत लिहिलेलं: 'पुढच्या वेळी कमी बोलायचं.'