प्रथिनविघटक विकरे आणि कर्करोगाचा फैलाव

प्रथिनांच्या साखळ्या तोडणारी विकरे, म्हणजेच एंझाइमे, निरोगी शरीरातही सतत कामात असतात. जखम भरताना, हाडाची जुनी घडण मोडून नवी होताना, गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजताना जागा मोकळी करून देतात ती हीच. कर्करोगाची गाठ हीच हत्यारे उचलते. तिने स्वतः काही नवे घडवलेले नसते. ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही, तर या विकरांवरची औषधे का फसली ते कळत नाही.

यांतले सर्वांत अभ्यासलेले कुळ म्हणजे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, संक्षेपाने एमएमपी. माणसात त्याचे २३ प्रकार आढळतात आणि प्रत्येकाच्या क्रियास्थानी जस्ताचा अणू असतो. हे कुळ सापडले ते बेडकाच्या पिल्लामुळे. पिल्लाची शेपटी विरून नाहीशी होते, मग तिच्यातले कोलॅजेन, म्हणजे ऊतींना बळकटी देणारे चिवट तंतुमय प्रथिन, जाते कुठे, हा प्रश्न होता. १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी शेपटीच्या ऊतीचे जिवंत तुकडे दुधी रंगाच्या कोलॅजेन जेलवर ठेवले. काही काळाने प्रत्येक तुकड्याभोवतीचे जेल विरघळून पारदर्शक झाले. कोलॅजेन तोडणारे विकर पेशींतून बाहेर पडत होते.

त्वचा, आतडे किंवा स्तनातील नलिका यांच्या पेशी एका पातळ आधारपटलावर बसलेल्या असतात. त्याची मुख्य जाळी चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनची असते. गाठ या पटलाच्या आत आहे तोवर तपासणी अहवालात ‘इन सिटू’ असे लिहिले जाते; पटल ओलांडले की ‘इन्व्हेझिव्ह’. या एका शब्दावर रुग्णाचे पुढचे उपचार ठरतात, कारण पटलापलीकडे रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या आहेत. १९८० मध्ये लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्या गाठींच्या पेशी हे कोलॅजेन जास्त तोडतात त्या जास्त पसरतात. अशा पेशी पटलात बोटांसारखे फुगवटे खुपसतात आणि त्यांच्या टोकाशी एमएमपी-१४ हे विकर पेशीपटलातच रोवलेले असते. युरोकायनेज, त्याच्यामुळे तयार होणारे प्लाझमिन आणि कॅथेप्सिन गटातील विकरेही या कामात हातभार लावतात.

तोडफोडीतून नुसती वाट होत नाही. पेशींबाहेरच्या धाग्यांत वाढीचे घटक अडकून पडलेले असतात, ते सुटे होतात. एमएमपी-९ मुळे नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास चालना मिळते. शिवाय ही विकरे बऱ्याचदा कर्कपेशींनी बनवलेलीच नसतात; गाठीभोवतीच्या निरोगी तंतुपेशी आणि महाभक्षक पेशी ती पुरवतात.

१९९० च्या दशकात मॅरिमास्टॅटसारखी एमएमपीरोधक औषधे मोठ्या आशेने चाचण्यांत उतरली. आयुष्य वाढले नाही. उलट अनेक रुग्णांचे खांदे आणि हातांचे सांधे दुखू लागले, आखडले. टॅनोमास्टॅटच्या एका चाचणीत तर औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा लवकर ढासळली आणि १९९९ मध्ये चाचणी थांबवावी लागली. चूक मुळातच होती. औषधे अनेक एमएमपींना एकदमच अडवत होती आणि दिली जात होती ती रोग आधीच पसरलेल्या माणसांना. पुढे असेही दिसले, की वाट कापता आली नाही तर काही कर्कपेशी अमीबासारखा आकार बदलून फटींतून सरकतात. २००३ मध्ये एमएमपी-८ नसलेल्या नर उंदरांत त्वचेच्या गाठी जास्त झाल्याचे आढळले. म्हणजे हे विकर रक्षण करत होते.

कोलॅजेनची तोड कमी झाली म्हणजे धोका टळला, असेही नाही. विदर्भात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, खाणाऱ्या कितीतरी तरुणांचे तोंड पुरेसे उघडत नाही. सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या आत कोलॅजेन जास्त बनते, कमी तुटते आणि साचत जाते. ही कर्करोगपूर्व अवस्था आहे, आणि तिथे दोष तोडीचा नसून साचण्याचा आहे.

पेशीच्या आतल्या प्रथिनविघटनाची गोष्ट निराळी. निकामी प्रथिनांचे तुकडे करणाऱ्या प्रोटिअझोमला रोखणारे बोर्टेझोमिब २००३ मध्ये अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतील कर्करोगासाठी मंजूर झाले. मायलोमाच्या पेशी प्रतिपिंड प्रथिने प्रचंड प्रमाणात बनवतात. त्यांतली सदोष प्रथिने हटवणे थांबले की ती आतच तुंबतात आणि पेशी मरते.