सामू

जलीय द्रावण किती आम्लधर्मी किंवा आम्लारीधर्मी आहे, हे दाखवणाऱ्या संख्येला सामू म्हणतात. हायड्रोजन आयनांच्या संहतीचा दशमान लॉगरिथम घेऊन त्याचे चिन्ह बदलले की ही संख्या मिळते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सॉरेन सॉरेन्सन यांनी १९०९ मध्ये ती वापरात आणली. २५° से. तापमानाला शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. मोजपट्टी लॉगरिथमी असल्यामुळे एका अंकाचा फरक म्हणजे दहापट आणि दोन अंकांचा म्हणजे शंभरपट, त्यामुळे ‘सामू जरासा घसरला’ या वाक्यातला ‘जरासा’ बहुधा फसवा असतो.

सामूनुसार रंग बदलणाऱ्या पदार्थाला दर्शक म्हणतात; सर्वांत घरगुती दर्शक म्हणजे हळद. वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो आणि भरपूर पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळट दिसतो. हळदीला चुना लावून पारंपरिक कुंकू होते तेही याच गुणामुळे.

सामू एवढ्यातेवढ्याने बदलू न देणाऱ्या द्रावणाला बफर म्हणतात. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात टिकतो, तो बायकार्बोनेट, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांच्यामुळे. ठाणे खाडीत भरतीबरोबर येणाऱ्या समुद्राच्या पाण्यातही बायकार्बोनेट असते व त्या पाण्याचा सामू ८.१ च्या आसपास असतो. पावसाच्या पाण्याने भरलेल्या नाल्यात बादलीभर आम्ल ओतले तर सामू झपाट्याने कोसळतो, पण तेच आम्ल भरतीच्या पाण्यात पचून जाते आणि मोजणीत फारसे दिसतही नाही. म्हणूनच कारखान्यांच्या सांडपाण्याला घातलेली ५.५ ते ९.० ही मर्यादा नळाच्या तोंडाशीच तपासावी लागते; खाडीच्या मध्यावरचा आकडा निर्दोषपणाचा पुरावा ठरत नाही.

तिवरांखालच्या काळ्या चिखलाची गोष्ट वेगळी. ओहोटीला त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, कारण हवेविना जगणारे जीवाणू सल्फेटापासून सल्फाइड बनवतात. लोहाच्या सल्फाइडने भरलेला असा चिखल उपसून वाळवला, तर ऑक्सिजन लागून सल्फ्युरिक आम्ल तयार होते. त्यात शिंपल्यांचा चुना पुरेसा नसेल, तर मातीचा सामू ४ च्याही खाली जाऊ शकतो.

घरगुती सांडपाण्यातील अमोनियाचे विषारीपण सामूवरच ठरते. आयनरूपातला अमोनियम माशांना तुलनेने कमी बाधतो, मुक्त अमोनिया मात्र कल्ल्यांतून सहज शिरतो. २५° से. तापमानाच्या गोड्या पाण्यात सामू ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग मुक्त असतो, तर सामू ९ झाला की एक-तृतीयांशाहून अधिक. त्यामुळे सामू आणि तापमान न नोंदवता दिलेल्या अमोनियाच्या आकड्यावरून माशांना असलेला धोका सांगता येत नाही.